शेतमजुरांच्या पोरांचा मास्तर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, मग त्या पोरांचं काय झालं?

लिंडन जॉन्सन म्हटलं की जगाला व्हिएतनाम युद्ध आठवतं. भारतातल्या जुन्या पिढीला आठवतो तो पीएल-४८० चा गहू. १९६५-६६ च्या दुष्काळात भारताकडे निघणारी गव्हाची जहाजं कधी सोडायची आणि कधी रोखून धरायची, याचा निर्णय जॉन्सन यांनी स्वतःच्या हातात ठेवला होता. एकदम मोठा करार करायचा नाही, थोडं थोडं द्यायचं आणि दिल्लीला ताटकळत ठेवायचं, अशी ती पद्धत. त्यामुळे आपल्याकडे या माणसाबद्दल फार प्रेमाने कुणी बोलत नाही.

पण त्याच काळात, ३ नोव्हेंबर १९६६ ला, त्यांच्या सहीने अमेरिकेच्या शिक्षण कायद्यात एक तरतूद आली. पिकामागे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात फिरणाऱ्या शेतमजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारचा वेगळा निधी. तो कार्यक्रम जवळपास ६० वर्षं चालत आलाय. आणि विशेष म्हणजे, राष्ट्राध्यक्ष होण्याच्या ३५ वर्षं आधी जॉन्सन अशाच घरांतल्या मुलांच्या शाळेत मास्तर होते.

बापाची शेती बुडाली

जॉन्सन यांचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ चा. टेक्सस राज्यातल्या स्टोनवॉलजवळ, पेडर्नालेस नदीच्या काठी एका शेतघरात. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळात आमदार होते, आई रिबेका शिकलेली. म्हणजे घर अगदीच फाटकं नव्हतं. पण वडिलांनी कर्ज काढून शेतीत पैसा घातला आणि पहिल्या महायुद्धानंतर कापसाचे भाव कोसळले. शेत गेलं, कर्ज राहिलं. गावात ज्यांचं नाव होतं त्यांची उधारी थकली. किशोरवयात बघितलेली ही घसरण जॉन्सन शेवटपर्यंत विसरले नाहीत.

१९२४ मध्ये शाळा संपली. कॉलेजला जायचं नाही म्हणून पोरगा कॅलिफोर्नियाला निघून गेला, तिथे मिळेल ते काम केलं, परत येऊन रस्त्याच्या कामावर राबला. शेवटी १९२७ मध्ये सॅन मार्कोसच्या शिक्षक महाविद्यालयात नाव घातलं. तिथेही पैशाची ओढाताण होतीच. मग वर्षभर शिक्षण थांबवून नोकरी करायची आणि पैसे साठवून परत यायचं, असं ठरलं. १९२८ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ते कोटुला नावाच्या गावात मास्तर म्हणून हजर झाले.

कोटुलातलं एक वर्ष

कोटुला हे सॅन अँटोनियोपासून साधारण दीडशे किलोमीटर दक्षिणेला, मेक्सिकोच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. रेल्वेचे रूळ गावाचे दोन भाग करायचे. एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला मेक्सिकन वंशाचे लोक, त्यांच्यातले कितीतरी जन्माने अमेरिकन नागरिक. शाळाही वेगळ्या. जॉन्सन यांच्या वाट्याला आली ती वेलहाउसन शाळा, म्हणजे ‘मेक्सिकन’ मुलांची. पाचवी, सहावी, सातवीला शिकवायचं आणि मुख्याध्यापकीही सांभाळायची.

मुलांचे आईबाप आजूबाजूच्या मळ्यांवर मजुरी करायचे. मुलं सकाळी उपाशीपोटी शाळेत यायची. उकिरड्यावर पडलेल्या ग्रेपफ्रूटच्या साली चोखणारी मुलं आपण बघितली, असं जॉन्सन पुढे सांगत. शाळेत खेळाचं साहित्य नव्हतं. पहिला पगार हातात आल्यावर त्यांनी त्यातून ते विकत आणलं. आईला पत्र लिहून मुलांसाठी टूथपेस्टच्या दोनशे नळ्या मागवल्या. वक्तृत्व, शुद्धलेखन, चेंडूचे खेळ, सगळ्याच्या स्पर्धा सुरू केल्या आणि दुसऱ्या गावच्या शाळांशी सामने लावले. शाळेच्या शिपायाला इंग्रजी शिकवायला बसवलं. विसाव्या वर्षीचा हा मास्तर शाळेत धावत यायचा आणि सगळ्यांना धावायला लावायचा.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि जॉन्सनभक्तांच्या पुस्तकांत ती जरा हळू आवाजात येते. शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलायला त्यांनी बंदी घातली होती. पोरं मातृभाषेत बोलताना सापडली तर मुलग्यांना फटके बसायचे. इंग्रजी आलं तरच ही मुलं वर येतील, असा त्यांचा पक्का समज होता. त्या काळी टेक्ससमध्ये असं वागणारे ते एकटे नव्हते, पण घरची भाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेल्या पोराला त्याने काय फरक पडणार?

वर्ष संपलं. जॉन्सन सॅन मार्कोसला परतले, १९३० मध्ये पदवी घेतली आणि ह्यूस्टनच्या एका हायस्कुलात वक्तृत्व शिकवू लागले. १९३१ मध्ये एका खासदाराचे सचिव म्हणून वॉशिंग्टनला गेले. मास्तरकी तिथे संपली.

मतं आणि माणसं

पुढची वीस-पंचवीस वर्षं भराभर सांगता येतात. १९३५ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी ते बेरोजगार तरुणांसाठीच्या सरकारी योजनेचे टेक्ससमधले प्रमुख झाले. १९३७ मध्ये खासदार. आपल्या मतदारसंघातल्या खेड्यांत वीज आणली. १९४१ मध्ये सिनेटची निवडणूक हरले.

१९४८ ची सिनेटची उमेदवारी मात्र थांबून बघण्यासारखी आहे. पक्षांतर्गत फेरीत सुमारे दहा लाख मतं पडली आणि जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. निकाल लागल्यानंतर सहाव्या दिवशी दक्षिण टेक्ससमधल्या ‘बॉक्स १३’ मधून जवळपास दोनशे मतं ‘सापडली’. त्या पट्ट्यात मेक्सिकन वंशाच्या मजुरांची मतं स्थानिक पुढारी एकगठ्ठा टाकून द्यायचे. आपण कुणाला मत दिलं हे अनेकदा मतदारालाही माहीत नसायचं. म्हणजे कोटुलातल्या पोरांच्या आईबापांसारख्याच लोकांच्या नावावर चाललेल्या या कारभाराने जॉन्सन यांचं राजकारण वाचवलं.

त्यानंतर काही महिन्यांतच फेलिक्स लोंगोरिया यांचं प्रकरण घडलं. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये मारला गेलेला हा सैनिक टेक्ससमधल्या थ्री रिव्हर्स गावचा. १९४९ मध्ये त्याचं पार्थिव परत आलं तेव्हा गावातल्या अंत्यविधीगृहाने आपलं प्रार्थनागृह द्यायला नकार दिला, कारण मृत माणूस मेक्सिकन वंशाचा. डॉ. हेक्टर गार्सिया यांनी जॉन्सन यांना तार केली. जॉन्सन यांनी सूत्रं हलवली आणि १६ फेब्रुवारी १९४९ ला लोंगोरियांचा दफनविधी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने झाला.

तरी १९५७ पर्यंत जॉन्सन संसदेत कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या विधेयकांना विरोध करत आले होते. दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांना दुखवायची त्यांची तयारी नव्हती. हा माणूस आतून कनवाळू होता की वाऱ्याप्रमाणे फिरणारा होता, यावर अमेरिकी चरित्रकार अजून भांडतात. खरं म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात.

पिकामागे फिरणारी शाळा कुठून आणणार?

इथे जरा थांबून या मजुरांचं आयुष्य समजून घ्यायला हवं. अमेरिकेत स्थलांतरित शेतमजुरांचे ढोबळमानाने तीन प्रवाह होते. एक फ्लोरिडातून पूर्व किनाऱ्याने वर जाणारा, दुसरा दक्षिण टेक्ससमधून मिशिगन, ओहायो, मिनेसोटाकडे जाणारा आणि तिसरा कॅलिफोर्नियातून ओरेगन, वॉशिंग्टन राज्याकडे. पालक, कांदा, शुगर बीट, चेरी, टोमॅटो, सफरचंद, कापूस. जसं पीक तयार होईल तसं कुटुंब पुढे सरकायचं. टोळी घेऊन जाणारा ‘क्रू लीडर’ म्हणजे आपल्याकडच्या ऊसतोडीतला मुकादमच. काम तो आणणार, गाडी त्याची आणि मजुरीतला वाटाही त्याचा.

या मजुरांना कायद्यानेही बाजूला ठेवलं होतं. १९३५ च्या कामगार संघटना कायद्यातून शेतमजूर वगळलेले. १९३८ च्या किमान वेतन कायद्यातूनही वगळलेले. शेतात राबणाऱ्या मुलांना बालमजुरीच्या नियमांचंही पुरेसं संरक्षण नव्हतं.

दक्षिण टेक्ससमधलं मूल वसंत ऋतूत, शाळा चालू असतानाच, आईबापांबरोबर उत्तरेला निघायचं आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत यायचं. दोन्हीकडे शाळा अर्धवट. नव्या गावात गेलं की त्याला कोणत्या वर्गात बसवायचं हे शिक्षकांना कळायचं नाही, कारण आधीच्या शाळेचा कागद सोबत नसायचा. लस टोचल्याची नोंद नसली की पुन्हा टोचायची. दरवर्षी थोडं मागे पडत गेलेलं मूल शेवटी वर्गात सगळ्यात मोठं दिसायला लागायचं आणि लाजेने शाळा सोडायचं.

नोव्हेंबर १९६० मध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो यांचा ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला गेला. आदल्या दिवशी भरपेट जेवलेल्या अमेरिकेला ते अन्न कोण तोडतं हे त्या संध्याकाळी दिसलं. सिनेटमध्ये हॅरिसन विल्यम्स यांची उपसमिती या प्रश्नावर काम करतच होती. टेक्ससने १९६३ मध्ये दक्षिणेतल्या काही शाळांत प्रयोगही केला. मुलं गावात असतात ते सहाच महिने शाळा, पण रोजचे तास वाढवलेले.

मोठा कायदा आला, पण ही पोरं त्यातून निसटली

२२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाली आणि उपराष्ट्राध्यक्ष असलेले जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी जो कायद्यांचा सपाटा लावला त्याला तोड नाही. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा. ऑगस्टमध्ये गरिबीविरोधी कायदा, त्यात स्थलांतरित शेतमजुरांसाठी एक स्वतंत्र भाग. १५ मार्च १९६५ ला मतदान हक्कासाठी संसदेसमोर केलेल्या गाजलेल्या भाषणात त्यांनी कोटुलाच्या वर्गाची आठवण काढली. त्या मुलांना मदत करण्याची संधी आता हातात आहे आणि ती आपण वापरणार, असा त्या भाषणाचा रोख होता.

११ एप्रिल १९६५ ला प्राथमिक व माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही झाली. जागा निवडली होती लहानपणीची जंक्शन शाळा, राहत्या रँचला लागून. शेजारी बसवलं होतं तिथल्या पहिल्या बाईंना, ‘मिस केट’ यांना. चार वर्षांचा लिंडन त्यांच्या मांडीवर बसल्याशिवाय वाचायचा नाही, असं सांगतात.

या कायद्याच्या पहिल्या भागाने, ‘टायटल वन’ने, गरीब मुलांच्या शाळांसाठी वर्षाला एक अब्ज डॉलरहून जास्त पैसा दिला. त्याआधी अमेरिकेत शाळा हा बराचसा स्थानिक आणि राज्याचा मामला होता. केंद्राने एवढा हात घालणं नवीन होतं.

पण पैसा वाटायचा कसा? त्यासाठी १९६० ची जनगणना धरली. वर्षाला दोन हजार डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतली मुलं कोणत्या भागात किती, त्यावर त्या भागाचा वाटा ठरणार. कागदावर हे चोख होतं. फक्त अमेरिकेची जनगणना १ एप्रिलला होते. त्या दिवशी एखादं कुटुंब टेक्ससमध्ये असेल तर पैसे टेक्ससला, आणि मूल मात्र उन्हाळ्यात मिशिगनच्या चेरीच्या बागेत. मिशिगनच्या शाळेने त्याला वर्गात घेतलं तर खर्च तिचा, निधी शून्य. महिना-दीड महिन्यात निघून जाणाऱ्या मुलासाठी कुठलं शाळा मंडळ स्वतःच्या खिशात हात घालणार? गरीब मुलांसाठी देशाने केलेल्या सगळ्यात मोठ्या खर्चात सगळ्यात गरीब मुलांचा हिशेबच लागत नव्हता.

हे ध्यानात यायला वर्षभर लागलं. नोव्हेंबर १९६६ ची दुरुस्ती त्यासाठीच होती. मसुद्याचं काम संसदेतल्या समित्यांचं, जॉन्सन यांनी ते एकट्याने घडवलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. पण ज्या मूळ कायद्यात ती बसली तो त्यांचा होता.

दुरुस्तीतली युक्ती साधी होती. पैसा स्थानिक शाळा मंडळाला न देता राज्याच्या शिक्षण खात्याला द्यायचा. आणि मूल राज्यात जेवढा काळ राहिलं तेवढाच त्याचा हिस्सा धरायचा. समजा एखादं मूल आठ महिने टेक्ससला आणि चार महिने ओहायोत, तर दोघांना त्या प्रमाणात. हा पैसा ‘टायटल वन’च्या रकमेतून आधीच बाजूला काढायचा, उरलेल्याचं वाटप नंतर. पहिल्या वर्षी, १९६७ साठी, जवळपास ९७ लाख डॉलर मिळाले.

सही झाल्यावर चारच दिवसांनी, ७ नोव्हेंबर १९६६ ला, जॉन्सन कोटुलाच्या वेलहाउसन शाळेत गेले. ३८ वर्षांपूर्वी शिकवलेली मुलं आता पन्नाशीला आलेली होती.

प्रत्यक्षात काय बदललं?

उत्तरेकडच्या राज्यांनी उन्हाळी शाळा सुरू केल्या, कारण मुलं तिथे उन्हाळ्यातच यायची. मजुरांच्या वस्त्यांवर जाऊन मुलं शोधणारी माणसं नेमली गेली. हे काम महत्त्वाचं होतं. ज्याचं नाव कुठल्याच पटावर नाही, ते मूल स्वतःहून शाळेच्या दारात येत नाही. आर्कान्सॉ राज्यातल्या लिटल रॉकमध्ये एक संगणक बसवून देशभरातल्या या मुलांच्या नोंदी तिथे ठेवायला सुरुवात झाली. मूल नव्या शाळेत गेलं की त्याची इयत्ता, लसी, आधीच्या शाळा यांची माहिती तिथून मागवायची. ती यंत्रणा १९७० च्या दशकात रुळली, तोवर जॉन्सन पायउतार झाले होते. वेगळ्या निधीतून, १९६७ मध्ये, शाळा सुटलेल्या मजूर तरुणांना हायस्कूलचं समकक्ष प्रमाणपत्र मिळवून देणारा कार्यक्रमही सुरू झाला.

२ जानेवारी १९६८ ला जॉन्सन यांनी द्विभाषिक शिक्षण कायद्यावर सही केली. घरी इंग्रजी न बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या भाषेचा आधार देऊन शिकवण्यासाठी पैसा देणारा हा पहिला केंद्रीय कायदा. तो रेटला होता टेक्ससचेच सिनेटर राल्फ यारबरो यांनी. कोटुलात स्पॅनिशसाठी छडी उगारणाऱ्या मास्तरांच्या हातात आता त्या कायद्याची लेखणी होती. त्यांना तेव्हा काही आठवलं असेल का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मजुरांच्या मुलांना शाळा देणं एक आणि मजुरांना हक्क देणं वेगळं, हेही याच काळात दिसलं. १९६६ च्या उन्हाळ्यात टेक्ससच्या स्टार काउंटीत खरबुजाच्या मळ्यांवरच्या मजुरांनी वाढीव मजुरीसाठी संप केला आणि राजधानी ऑस्टिनपर्यंत पायी मोर्चा काढला. गव्हर्नर जॉन कॉनली हे जॉन्सन यांचे जुने साथीदार. ते वाटेत मोर्चाला भेटले आणि ऑस्टिनमधल्या सभेला आपण येणार नाही असं सांगून निघून गेले. जॉन्सन यांनी सप्टेंबर १९६६ मध्ये किमान वेतनाचा कायदा काही शेतमजुरांना लागू केला, पण मोठ्या मळ्यांवरच्याच, आणि इतर कामगारांपेक्षा कमी दराने. संघटनेचा हक्क त्यांना केंद्रीय कायद्याने तेव्हाही मिळाला नाही, आजही नाही. आईबापांची मजुरी तुटपुंजी असेपर्यंत हातभार लावायला मूल शेतात जाणारच, ही गोष्ट उन्हाळी शाळांच्या शिक्षकांना सगळ्यात आधी कळली.

शेवटची वर्षं

१९६८ पर्यंत व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून जास्त अमेरिकी सैनिक होते. गरिबीविरोधी योजनांचा पैसा आणि जॉन्सन यांची पत, दोन्ही तिकडे आटत गेले. ३१ मार्च १९६८ ला आपण पुन्हा उभे राहणार नाही असं त्यांनी जाहीर केलं आणि जानेवारी १९६९ मध्ये ते रँचवर परतले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कोटुलाच्या पलीकडच्या परगण्यातल्या क्रिस्टल सिटी गावात, मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी भेदभावाविरुद्ध वर्गांवर बहिष्कार टाकला. त्यातले बरेच जण स्थलांतरित मजुरांच्या घरचे होते.

१९५५ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलेल्या जॉन्सन यांचं दुखणं वाढत गेलं. डिसेंबर १९७२ मध्ये ऑस्टिनला नागरी हक्कांवरच्या परिषदेत ते प्रकृती बरी नसताना बोलले. २२ जानेवारी १९७३ ला, वयाच्या ६४ व्या वर्षी, रँचवरच त्यांचं निधन झालं. पाच दिवसांनी पॅरिसमध्ये व्हिएतनाम शांतता करारावर सह्या झाल्या.

मजुरांच्या मुलांचा कार्यक्रम मात्र टिकला. आज ३ ते २१ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. अट अशी की कुटुंबाने शेती किंवा मासेमारीच्या कामासाठी गेल्या ३६ महिन्यांत स्थलांतर केलेलं असावं. वर्षाला सुमारे ३७.५ कोटी डॉलर त्यावर खर्च होतात. ट्रम्प प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पात हा निधी पूर्ण बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याआधी १ जुलै २०२५ ला राज्यांना मिळायचा हप्ताही रोखून धरला होता. तो त्या महिन्याच्या अखेरीस मोकळा झाला, पण उत्तरेकडच्या शेतांवर टोळ्या येतात आणि उन्हाळी शाळा भरतात, तो महिना नेमका हाच.